आखाड्यातला ‘प्रोफेसर’ विद्यापीठात कसा पोहोचला?

१९६७ साली अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने शारीरिक शिक्षणाचे पदवी महाविद्यालय सुरू केले. अमरावतीला तेव्हा स्वतःचे विद्यापीठ नव्हते. वऱ्हाडातली महाविद्यालये नागपूर विद्यापीठाच्या छत्राखाली होती. जे विद्यापीठ वकील, रसायनशास्त्रज्ञ आणि संस्कृत पंडित घडवत होते, त्याच विद्यापीठाचा शिक्का आता मल्लखांबावर चढणाऱ्या मुलाच्या प्रमाणपत्रावर उमटणार होता.

वरवर पाहता ही एक प्रशासकीय नोंद आहे. पण या नोंदीमागे अर्ध्या शतकाहून जुना वाद आहे. शरीर घडवण्याची विद्या ही ‘विद्या’ आहे का? ती शिकवणारा माणूस ‘शिक्षक’ आहे का? आणि आखाड्यात खेळाडूचा निखळलेला खांदा बसवणारा उस्ताद, त्याला काय म्हणायचे? धागा मोठा आहे, सवडीने वाचावा.

सुरुवात एका शब्दापासून करू. ‘प्रोफेसर’ हा शब्द महाराष्ट्रात महाविद्यालयांइतकाच सर्कशीच्या तंबूंमुळे पसरला. विष्णुपंत छत्रे यांनी १८८०च्या सुमारास भारतीय सर्कस उभी केली आणि ते ‘प्रोफेसर छत्रे’ म्हणून ओळखले जाऊ लागले. छातीवर हत्ती उभा करणारे राममूर्ती नायडू हेही ‘प्रोफेसर राममूर्ती’च. बंगळुरूचे शरीरसौष्ठवाचे आचार्य ‘प्रोफेसर के. व्ही. अय्यर’. इंग्लंडातही मुष्टियुद्ध आणि कसरत शिकवणारे लोक आपल्या नावामागे हेच बिरुद लावीत असत. यांपैकी कोणालाही कोणत्या विद्यापीठाने ही पदवी दिली नव्हती. लोकांनी दिली होती, किंवा स्वतःच घेतली होती.

त्यामुळे सुशिक्षित पांढरपेशा वर्ग या ‘प्रोफेसरां’कडे थोडा कौतुकाने आणि थोडा हसून पाहत असे. ते हसणे पुढे बरेच महागात पडले, कारण विद्यापीठांच्या समित्यांवर हाच वर्ग बसला.

या सगळ्या ‘प्रोफेसरां’त मराठी माणसाला सर्वांत जवळचे नाव बडोद्याचे. राजरत्न प्रोफेसर माणिकराव. त्यांचे गुरू जुम्मादादा हे मुसलमान पहिलवान. शिष्य मराठी हिंदू. आणि शिष्याने आयुष्यभर चालवलेल्या संस्थेचे नाव ‘जुम्मादादा व्यायाममंदिर’. आखाड्याची परंपरा धर्माच्या रेषा कशी ओलांडत असे, हे या एका पाटीवरून कळते. ‘राजरत्न’ हा किताब बडोदे संस्थानाचा. सामुदायिक कवायतीचे हुकूम इंग्रजीऐवजी हिंदीत देण्याची रीत रुजवणाऱ्यांत माणिकरावांचे स्थान मोठे आहे. शाळेच्या मैदानावर ‘अटेन्शन’च्या जागी ‘सावधान’ ऐकून आपल्याला आज काहीच वाटत नाही, पण त्या काळी ही राजकीय कृती होती.

माणिकरावांची दुसरी ख्याती हाडवैद्य म्हणून. निखळलेले सांधे बसवून घ्यायला, मोडलेली हाडे बांधून घ्यायला लोक त्यांच्याकडे येत. हे त्यांचे जोडकाम नव्हते. आखाड्याच्या व्यवस्थेत ते मुख्य कामाचाच भाग होते.

आखाड्याची ही व्यवस्था थोडी समजून घ्यायला हवी. कुस्तीचा हौद म्हणजे नुसता मातीचा खड्डा नव्हे. लाल माती चाळून तीत तेल, ताक, हळद, लिंबाचा रस मिसळतात, ती वारंवार खणून भुसभुशीत ठेवतात. पडणाऱ्याला लागू नये आणि खरचटले तर चिघळू नये, असा त्यामागचा हिशेब. मल्लखांबाचे लाकूड सागाचे वा शिसवीचे, त्यावर एरंडेलाचा हात. जोर-बैठका, करेल, जोडी, लेझीम यांचा क्रम वयाप्रमाणे आणि अंगकाठीप्रमाणे ठरलेला. खुराक ठरवणारा उस्ताद, मालिश करायला शिकवणारा उस्ताद, मुरगळलेल्या पायावर आंबेहळद आणि रक्तबोळ उगाळून लेप देणाराही उस्तादच. दुखावलेला पोरगा पुन्हा हौदात कधी उतरेल, याचा निर्णयही त्याचाच.

अमेरिकेत ज्याला आज ‘अ‍ॅथलेटिक ट्रेनर’ म्हणतात, म्हणजे खेळाडूची दुखापत टाळणारा, झाली तर तत्काळ सांभाळणारा आणि त्याला पुन्हा मैदानावर आणणारा तज्ज्ञ, तो आपल्याकडे उस्तादाच्याच अंगात होता. प्रशिक्षक, आहारतज्ज्ञ आणि उपचारक अशी फाळणी अजून व्हायची होती.

ही व्यवस्था निर्दोष होती असे मात्र समजू नये. क्ष-किरण नाही, जंतुनाशकाची शिस्त नाही, चुकीचे बसवलेले हाड आयुष्यभर वाकडे राहिल्याची उदाहरणे गावोगाव होती. आणि ही विद्या हातातून हातात जाई, कागदावर क्वचित उतरे. गुरू गेला की तिचा काही भाग त्याच्याबरोबर जाई.

आता वऱ्हाडात येऊ. १९१४ साली अमरावतीत अनंत कृष्ण वैद्य आणि अंबादास कृष्ण वैद्य या बंधूंनी आखाडा काढला. (आडनाव वैद्य आणि काम शरीराचे, हा योगायोगच.) अमरावती म्हणजे टिळकांचे सहकारी दादासाहेब खापर्डे यांचे गाव, कापसाच्या व्यापाराचे आणि जहाल राजकारणाचे. १८९७ साली पुण्यात रँडचा वध करणाऱ्या चाफेकर बंधूंनीही तरुणांचे व्यायाममंडळ चालवले होते, आणि १९०९ साली बंगालमधील अनुशीलन समितीवर बंदी आली तीही आखाड्यांच्या जाळ्यातूनच वाढलेली. तेव्हा आखाडा म्हटला की पोलिसांच्या भुवया उंचावत.

त्यांचा संशय अगदी निराधार होता असेही नाही. हुतात्मा शिवराम हरी राजगुरू यांच्या चरित्रांत अमरावतीच्या या आखाड्यातील वास्तव्याचा उल्लेख येतो.

वैद्य बंधूंचे वेगळेपण असे की त्यांनी पहिलवान घडवण्यापेक्षा शिकवणारे घडवण्यावर भर दिला. मंडळाचे उन्हाळी वर्ग विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात नावारूपाला आले. सुटीत शाळांचे शिक्षक आणि विद्यार्थी दूरदूरहून अमरावतीला येत, भारतीय व्यायामपद्धती शिकत आणि परत जाऊन आपापल्या गावी वर्ग सुरू करीत. वऱ्हाडातल्या मे महिन्याचे ऊन ज्याला ठाऊक आहे, त्याला या अभ्यासक्रमाची पहिली परीक्षा कोणती होती हे सांगायला नको.

याच दशकाच्या आरंभी, १९२३ साली, दीडशे किलोमीटरवर नागपूर विद्यापीठ स्थापन झाले. दोन्ही संस्था एकाच प्रांतातल्या, दोन्हींचे काम शिक्षक घडवण्याचे. पण त्यांची गाठ पडायला चाळीसहून अधिक वर्षे लागली.

का लागली? एक कारण सरकारी शाळांच्या मैदानावर उभे होते. त्याचे नाव ड्रिल मास्तर. पलटणीतून निवृत्त झालेला हवालदार किंवा नाईक, तुटपुंज्या पगारावर, हातात छडी, तोंडात मोडक्या इंग्रजीतले हुकूम. मुलांनी रांगेत उभे राहावे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. शारीरिक शिक्षण म्हणजे हेच, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत झाली. ज्याला गणिताचा मास्तर आपल्या खोलीत चहालाही बोलावीत नसे, त्याच्या विषयाला विद्यापीठ खुर्ची कुठून देणार?

दुसरे कारण अधिक खोल होते. ते समजण्यासाठी जरा परदेशात जावे लागेल.

स्वीडनमध्ये पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ साली स्टॉकहोमला व्यायामशिक्षणाची मध्यवर्ती संस्था काढली. तिथे एकाच छताखाली शाळेसाठी, सैन्यासाठी आणि रुग्णासाठी अशा व्यायामाच्या शाखा शिकवल्या जात. आजच्या फिजिओथेरपीचे एक मूळ या संस्थेत सापडते. अमेरिकेत १८६१ साली अ‍ॅमहर्स्ट महाविद्यालयाने एडवर्ड हिचकॉक यांना आरोग्य आणि शारीरिक शिक्षणाचे प्राध्यापक नेमले. ते पेशाने डॉक्टर. बास्केटबॉलचे जनक जेम्स नायस्मिथ १८९८ साली कॅन्सस विद्यापीठात आले, तेही त्याच वर्षी वैद्यकीय पदवी घेऊन. त्यांचे शिष्य आणि पुढे त्याच विद्यापीठाचे नामांकित प्रशिक्षक झालेले फॉग अ‍ॅलन हे ऑस्टिओपॅथी शिकलेले. म्हणजे हाताने सांधे-स्नायूंवर उपचार करणारे. माणिकरावांच्या जातकुळीतलेच म्हणा ना.

तिकडे व्यायामशिक्षक विद्यापीठात शिरला तो डॉक्टरच्या कोटाचे टोक धरून. आपल्याकडे डॉक्टर आणि उस्ताद यांच्यात भाषेची, वर्गाची आणि प्रतिष्ठेची भिंत होती. एक इंग्रजी वैद्यकाचा पदवीधर, दुसरा ‘अडाणी’ हाडवैद्य. कॅन्ससमध्ये जे एका माणसात जमले, ते बडोद्यात किंवा अमरावतीत जमणे अवघड होते.

या भिंतीला पहिले भोक पाडणारा माणूस माणिकरावांचाच शिष्य निघाला. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे पुढचे स्वामी कुवलयानंद. १९०७ ते १९१० या काळात ते माणिकरावांकडे शिकले, पुढे खानदेशात अमळनेरला राष्ट्रीय शिक्षणात रमले. आणि मग त्यांनी एक विलक्षण गोष्ट केली. बडोद्याच्या सरकारी रुग्णालयात उड्डियान आणि नौली करणाऱ्या माणसांची क्ष-किरण तपासणी केली. १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम आणि ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू झाले. जुम्मादादांच्या परंपरेतला शिष्य आता दाब, श्वास आणि छायाचित्रे यांच्या भाषेत बोलत होता. विद्यापीठांना समजणारी भाषा तीच होती.

इकडे मद्रासला हॅरी क्रो बक या अमेरिकन गृहस्थांनी १९२० साली वायएमसीएचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय काढले होते, आणि देशभरातल्या सरकारी नोकऱ्यांत तिथल्याच पदविकाधारकांना मागणी होती. बक हे कामाचे आणि निष्ठेचे माणूस. १९२४च्या पॅरिस ऑलिंपिकला गेलेल्या भारतीय चमूची जबाबदारीही त्यांनी वाहिली. पण त्यांच्या अभ्यासक्रमाचा कणा पाश्चात्त्य खेळांचा होता. वऱ्हाडातल्या तालमीत वाढलेल्या मुलाला तिथे जाणे परवडणारे नव्हते.

आणि आता १९३६. बर्लिन.

ऑलिंपिकच्या निमित्ताने तिथे अनेक देशांतील शारीरिक शिक्षणाचे विद्यार्थी एकत्र आले होते. अमरावतीचे पथकही गेले आणि त्यांनी मल्लखांब, कबड्डी आदी भारतीय प्रकारांची प्रात्यक्षिके केली. ध्यानचंदांच्या संघाने १५ ऑगस्टला जर्मनीला ८-१ असे हरवले, ते सर्वांना पाठ आहे. त्याच उन्हाळ्यात वऱ्हाडातले तरुण बर्लिनमध्ये गुळगुळीत खांबावर उलटे तोलून दाखवत होते, हे नागपुरातही फारसे कोणाला माहीत नसते.

गंमत पाहा. त्याच बर्लिनमध्ये पंचाहत्तरीला टेकलेले नायस्मिथही हजर होते. बास्केटबॉल पहिल्यांदाच पदकाचा खेळ झाला होता, आणि त्यांच्या प्रवासखर्चासाठी अमेरिकेत वर्गणी काढली गेली होती. विद्यापीठाचा खराखुरा प्राध्यापक आणि विद्यापीठाच्या दाराबाहेर उभे असलेले आखाड्याचे पथक, दोघे एकाच शहरात. त्यांची भेट झाली असे म्हणायला आधार नाही. मला स्वतःला ते चित्र रंगवण्याचा मोह होतो, तो आवरतो.

बर्लिनचा उल्लेख करताना दुसरी बाजू झाकून चालणार नाही. तो सोहळा नाझी राजवटीने आपल्या गौरवासाठी मांडला होता. सुदृढ देहाचे तिथे जे स्तोत्र गायले जात होते, त्याच्या दुसऱ्या टोकाला ज्यू आणि अपंग माणसांचा द्वेष होता. अमरावतीच्या तरुणांना त्या रंगमंचाने दाद दिली, आणि त्या दादेचे भांडवल भारतात परतल्यावर संस्थेला मिळाले. पारतंत्र्यातल्या संस्थेला परक्याची टाळी घरच्या दुर्लक्षापेक्षा मोलाची वाटली, हे समजण्यासारखे आहे. तरी ती टाळी कोणाची होती, हे आज वाचताना विसरता येत नाही.

त्यानंतर सरकारी हालचाल मुंबई प्रांतात झाली. १९३७च्या काँग्रेस मंत्रिमंडळाच्या काळात कुवलयानंदांच्या अध्यक्षतेखाली शारीरिक शिक्षणाची समिती नेमली गेली आणि १९३८ साली कांदिवलीला शिक्षकांसाठी सरकारी प्रशिक्षण संस्था निघाली. वऱ्हाड मात्र मध्य प्रांतात. कांदिवलीची वीट अमरावतीच्या भिंतीला लागायची नव्हती. मंडळ आपल्या बळावर चालत राहिले. १९४९ साली स्टॉकहोमला लिंग यांच्या स्मरणार्थ दुसरा ‘लिंगियाड’ महोत्सव भरला, तिथेही मंडळाचे पथक गेले. ज्या शहरात व्यायाम आणि उपचार एका छताखाली शिकवले गेले, तिथे ही मुले खांबाची प्रात्यक्षिके करून आली.

स्वातंत्र्यानंतर समित्या आल्या. १९४८ची ताराचंद समिती, पाठोपाठ राधाकृष्णन आयोग. १८५७च्या शताब्दीला, १७ ऑगस्ट १९५७ रोजी, ग्वाल्हेरला लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण महाविद्यालय उघडले आणि तीन वर्षांची पदवी सुरू झाली. त्याचे पहिले प्राचार्य पी. एम. जोसेफ हे कांदिवलीच्या संस्थेचे आधीचे प्रमुख. १९६१ साली पतियाळाला राष्ट्रीय क्रीडा संस्था. आता दार उघडले होते. १९६७ साली नागपूर विद्यापीठाच्या छत्राखाली अमरावतीचे महाविद्यालय आले, ते या ओघात. पुढे १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ झाले आणि महाविद्यालय तिकडे गेले. नागपुरात हनुमाननगर परिसरातल्या चौकाला आज ‘क्रीडा चौक’ म्हणतात. तिथेही शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय उभे आहे.

उस्ताद प्राध्यापक झाला तेव्हा त्याच्या हातात अभ्यासक्रम पडला. शरीररचना, शरीरक्रिया, क्रीडा मानसशास्त्र, संघटन, शिक्षणपद्धती. हा लाभ लहान नव्हता. तालमीत ‘असेच करायचे’ एवढे उत्तर मिळे. इथे ‘का’ विचारता येऊ लागले. मुलींना दार उघडले. जातीपातीची आणि ओळखीपाळखीची तालमीतली उतरंड निदान प्रवेश-अर्जाच्या कागदावर तरी पुसली गेली. आणि खेड्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या पोराला पगारी नोकरीची वाट मिळाली. विदर्भातल्या कित्येक शाळांतले ‘पीटीचे सर’ याच वाटेने आले.

गळाले ते हाडवैद्यक. मोडलेले हाड आता अस्थिरोगतज्ज्ञाचे. नागपुरात १९४७ सालीच वैद्यकीय महाविद्यालय निघाले होते. मालिश आणि व्यायामोपचार फिजिओथेरपीचे; आणि तो अभ्यासक्रम भारतात आला १९५२-५३च्या सुमारास मुंबईच्या केईएम रुग्णालयात, पोलिओग्रस्त मुलांसाठी. खेळाडू त्याच्या नजरेसमोर नव्हता. व्यायामाच्या प्राध्यापकाला सांध्यांची नावे इंग्रजीत पाठ झाली, पण सांध्याला हात लावण्याचा अधिकार त्याच्याकडून गेला. शास्त्रीय दृष्टीने हे बहुतांशी योग्यच झाले असे माझे मत आहे. अडचण एवढीच की मधली जागा रिकामी राहिली. तालुक्याच्या मैदानावर खो-खोच्या पोरीचा गुडघा फिरतो तेव्हा तज्ज्ञ शहरात असतो, आणि सरांच्या पेटीत बर्फाचा फवारा.

अमेरिकेत ही मधली जागा भरणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना १९५० साली झाली आणि १९९० साली तिथल्या वैद्यक परिषदेने त्यांच्या व्यवसायाला मान्यता दिली. तिथल्या विद्यापीठांत या विषयाचे प्राध्यापक असतात.

आपल्याकडे प्रश्न त्याच्याही आधीच्या पायरीवर अडला होता. महाविद्यालयातला व्यायामाचा माणूस शिक्षक आहे की नाही? पदनाम ‘शारीरिक शिक्षण संचालक’. नाव भारदस्त, पण अनेक ठिकाणी गणना शिक्षकेतरांत. आंध्र प्रदेशातल्या एका कृषी विद्यापीठाच्या शारीरिक शिक्षण संचालकाला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त करण्यात आले. शिक्षकांना मात्र साठ वर्षे मिळत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. दोन वर्षांच्या नोकरीचा वाद होता, पण न्यायालयाला ठरवायचे होते ते हे की शिकवणे म्हणजे काय.

१९९७ साली निकाल लागला. खेळाचे नियम आणि कौशल्ये समजावून देणे हेही शिकवणेच. ते चार भिंतींच्या वर्गात न होता मैदानावर होते म्हणून त्याचे स्वरूप बदलत नाही, असा त्याचा आशय. तो संचालक ‘शिक्षक’ ठरला.

हाडवैद्याचा निकाल अजून लागलेला नाही. २०२१ साली संसदेने वैद्यकाशी संलग्न व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. मान्यताप्राप्त व्यवसायांच्या त्याच्या यादीत फिजिओथेरपिस्ट आहेत. आखाड्यातला सांधे बसवणारा त्या यादीत नाही.